मोटारी भरणारे चाचा

जळालेली मोटार दुकानात आली की तिला हात लावायच्या आधी चाचा तिच्यावर वाकून वास घ्यायचे. डोळे मिटून, दोनदा. मोटार आणणारा शेतकरी घाईत असायचा. विहिरीत पाणी असून पीक वाळतंय म्हटल्यावर माणूस घाईत असणारच. तो एका दमात विचारायचा, होईल का, कधी होईल, किती लागतील. तिन्ही प्रश्नांना चाचांचं उत्तर एकच होतं.

"आधी खोलू तर द्या."

मोटारीतली जळालेली तांब्याची तार काढून तिथं नवी तार घालायची, याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. चाचांनी पाटोद्यात एकतीस वर्षं मोटारी भरल्या. त्यातली एकोणीस वर्षं मी त्यांचा शेजारी. माझं पाइप-फिटिंगचं दुकान. दोन दुकानांच्या मधे चार इंची भिंत, तीही वर पत्र्यापर्यंत पोचलेली नाही. त्यामुळं तिकडं बोललेलं इकडं ऐकू यायचं. मी कान लावून बसत होतो असं नाही, पण ऐकू येत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल.

मोटारीच्या खाचांमधले जुने वेढे, म्हणजे तारेचे फेरे, दोनदा मोजल्याशिवाय ते नवी तार घालत नसत. मोजणी चालू असताना कुणी काही विचारलं तरी उत्तर मिळायचं नाही. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस जीप घेऊन आला आणि साहेबांची मोटार आहे, साहेबांची मोटार आहे, असं तीनदा बोलला. चाचा ओठ हलवत मोजतच राहिले. मोजणी संपल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "साहेबांच्या मोटारीला खाचा जास्त असत्यात का, बे?"

आणखी एक सांगतो. जुनी जळकी तार बहुतेक कारागीर ठेवून घेतात. तांबं आहे, भंगारात विकलं जातं. चाचा ती गोणपाटात बांधून मोटारीबरोबर परत द्यायचे. घ्यायला विसरलेल्याला स्टँडपर्यंत निरोप पाठवायचे.

चाचांचं काहीतरी बिनसलंय, हे माझ्या लक्षात पहिल्यांदा आलं ते पाइपांमुळं. माझ्या दुकानापुढं डाव्या हाताला वीस फुटी पाइपांचा गठ्ठा उभा असतो. वर्षानुवर्षं तिथंच. चाचा एका आठवड्यात त्याला तीनदा धडकले. मग कपातला चहा ओतताना बशीच्या बाहेर पडू लागला. रस्त्यात समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला सलाम न करता ते पुढं निघून जायला लागले. बाजारात बोललं जाऊ लागलं की चाचाला आता गर्व चढलाय. पोरीचं लग्न कडा गावात चांगल्या घरात झालं, तेव्हापासून कुणाला ओळख देत नाही.

हे मी त्यांच्या कानावर घातलं. मला वाटलं, रागावतील. ते तारेच्या रिळावरून अंगठा फिरवत बसले होते.

"गर्व चढला म्हनतेत, म्हनू द्या," ते म्हणाले. "आंधळा म्हनले तर मोटार कोन आनून देईल, भाऊ?"

मग मी त्यांना नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. दुकान एक दिवस बंद ठेवलं. डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगणारे होते. त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि कडेनं काळा करत आणला. मधे रुपयाएवढी जागा पांढरी ठेवली. काचबिंदू. जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही. थेंब घालत राहिलं तर उरलेलं टिकेल. किती दिवस टिकेल, ते मात्र सांगता येणार नाही. काहींचं सहा महिन्यांत जातं, काहींचं दहा वर्षं राहतं.

परतीच्या बसमध्ये चाचा खिडकीशी बसले. आष्टी सुटल्यावर म्हणाले, "तुमी हिशोबी मानूस हाव. सहा महिने आन् धा वर्षं, याची सरासरी काय निघती?"

मी खरंच हिशोब केला. "पाच वर्षं तीन महिने."

चाचा एवढे हसले की पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून बघितलं. हसून झाल्यावर त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि खिडकीकडं तोंड केलं. बाहेर अंधार पडत होता. त्यांना त्यातलं किती दिसत होतं, मला माहीत नाही.

घरी गेल्यावर मी बायकोला सांगितलं की चाचांनी आता धंदा बंद करावा. दुसऱ्या दिवशी त्यांनाही सांगितलं. दुकानाचं भाडं, औषधाचा खर्च, घरातली दोन माणसं, कागदावर सगळं मांडून दाखवलं. चाचांनी कागद हातात घेतला, डोळ्यांसमोर आणला, बाजूला नेला, परत समोर आणला.

"हिशोब बराबर असंल," ते म्हणाले. "पन सकाळी उठून जाऊ कुटं, ते यात लिवलेलं न्हाई."

मी कागद परत घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

पुढच्या सोमवारी चाची दुकानात आली. इतक्या वर्षांत तिनं दुकानांच्या त्या ओळीत पाय ठेवला नव्हता. डबा यायचा तोसुद्धा दुसऱ्या कुणाच्या हाती. ती रस्त्याकडं पाठ करून स्टुलावर बसली आणि चाचांचे डोळे झाली. वेढे घालायचं काम बोटांचं, ते चाचा करायचे. तारेचा रंग, मीटरवरचा आकडा, जोड, हे चाची सांगायची. दोघांचं भांडण दबक्या आवाजात, त्यांच्या बोलीत चालायचं. चाची म्हणायची, मी पिवळी म्हटलं तर पिवळीच. चाचा म्हणायचे, तुझी पिवळी मागच्या लग्नात हिरवी निघाली होती, साडी परत करावी लागली. भिंतीच्या या बाजूला मी गिऱ्हाइकासमोर हसू दाबायचो.

लोक काही दिवस बोलले. बाई माणूस मोटारीच्या दुकानात कशाला. चाचांनी सांगितलं, घरी एकटीला करमत नाही. ते लोकांना पटलं.

असे चौदा महिने गेले. एकही मोटार परत आली नाही.

मग पोरीच्या बाळंतपणाला चाची कड्याला गेली. वीस दिवसांसाठी. एप्रिलचा महिना, दुकानात मोटारींची रांग. चाचांनी तेवढे दिवस नवीन काम घ्यायचं नाही, असं ठरलं होतं. पण जवळच्या गावातला एक दूधवाला मोटार घेऊन आला. दोन एकर मका, अठरा जनावरं. चाचांना नाही म्हणता आलं नाही. वेढे त्यांनी बरोबर घातले. शेवटी फक्त जोड द्यायचे उरले.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. तांब्याच्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. जोड देण्याआधी तो पात्यानं खरवडून काढायचा. तार चारी बाजूंनी चकाकली की मग पीळ द्यायचा. ती चकाकी बोटाला कळत नाही, डोळ्यालाच दिसते. भिंतीपलीकडं मी बसलो होतो. एक हाक मारली असती तर मी गेलो असतो. त्यांनी मारली नाही. आणि पात्याचा आवाज ऐकत असूनही मी आपणहून उठलो नाही.

तिसऱ्या दिवशी दूधवाला परत आला. मोटार जळाली होती. तो चिडलेला नव्हता, थकलेला होता. आल्या आल्या त्यानंच सांगितलं की गावात लाइटीचा घोळ आहे, विजेच्या तीन तारांतला एक फेज गेला असणार, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर रोजचंच आहे. मीही माझ्या गल्ल्यावरून म्हणालो की हो, या दिवसांत असंच होतं. दोघांनी मिळून चाचांना अगदी मोकळी वाट करून दिली होती. त्यांनी फक्त मान हलवायची होती.

चाचांनी वास घेतला. एक फेज गेल्यावर येतो तसाच वास असणार. तरी ते म्हणाले, "आधी खोलू तर द्या."

त्यांनी मोटार खोलली. एकेक जोड बोटांनी चाचपत गेले. एका जोडापाशी थांबले. वरची नळी सरकवली, दोन्ही टोकं सुटी करून अंगठ्याच्या नखानं खरवडली. मग ती तार त्यांनी माझ्याकडं धरली. मी आत जाऊन पाहिलं. तारेच्या एका बाजूला वार्निश तसंच होतं.

"फेज लाइटीचा न्हाई गेला," चाचा दूधवाल्याला म्हणाले. "जोड माझा सुटला."

दूधवाल्यानं हळूच विचारलं, "चाचा, दिसत न्हाई का तुमाला?"

"न्हाई."

एवढंच. आपल्याला दिसत नाही, हे त्यांनी माझ्याशिवाय बाहेरच्या कुणासमोर पहिल्यांदा कबूल केलं होतं.

मी माझ्या दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांच्याजवळ बसलो. दूधवाला बाहेर माझ्या पायरीवर बसून राहिला. दुपारी बारापासून दिवस मावळेपर्यंत ती मोटार पुन्हा भरली. माझं काम एकच होतं, तार चकाकते का ते सांगायचं. मी दोनदा हो म्हणालो आणि दोन्ही वेळा चाचांनी विचारलं, "चारी बाजूंनी?" दोन्ही वेळा पुन्हा बघितल्यावर एक बाजू राहिलेली निघाली. मीटरवरचे तिन्ही आकडे मी वाचून दाखवले. सारखे आले. मजुरी त्यांनी घेतली नाही, तारेचे पैसेही नाही. जळकी तार गोणपाटात बांधून दिली.

दूधवाला भला माणूस होता. त्यानं गावोगाव सांगितलं, डेअरीवर सांगितलं, बाजारात सांगितलं: असा इमानदार कारागीर बघितला नाही, मी लाइटीवर ढकलत होतो आणि यानं आपल्या तोंडानं चूक कबूल केली, दिसत नसताना भरली होती बिचाऱ्यानं. ऐकणाऱ्यांनी मान डोलावली. प्रत्येकाला चाचांबद्दल आदर वाटला. आणि प्रत्येकानं पुढची मोटार दुसरीकडं नेली.

मी त्यांना दोष देत नाही. मीही तेच केलं असतं. आधीच्या वर्षी मे महिन्यात चाचांच्या दारातून त्रेचाळीस मोटारी भरून गेल्या होत्या. गाडीत चढवायला त्या माझ्याच दुकानापुढं आणायचे, त्यामुळं आकडा आपोआप कळायचा. या वेळच्या मे महिन्यात नऊ गेल्या. जूनमध्ये दोन. त्यानंतर एकही नाही.

चाची परत आली होती. दोघं रोज आठ वाजता शटर उघडायची. कामाविना बसायचं नाही म्हणून चाचांनी एक भंगारातली मोटार काढली आणि चाचीला भरायला शिकवायला घेतलं. दुपारपर्यंत ती वेढे घालायची, चार वाजता सगळं काढून टाकायची. दुसऱ्या दिवशी तीच मोटार, तीच तार. बाईनं भरलेली मोटार विहिरीत कोण सोडणार, हे मला माहीत होतं, त्या दोघांनाही माहीत असावं. एकदा मी विचारलंच, हे किती दिवस चालवायचं. चाचा म्हणाले, "उद्याचं दुकान उघडायचं हाय, एवढं ठरलंय. परवाचं उद्या बघू."

दिवाळीनंतर जागामालकानं जागा मागितली. मोबाइलच्या दुकानाला द्यायची होती. पोरीनं आणि जावयानं कड्याला येऊन राहा म्हणून दोनदा सांगितलं होतं. चाचांना जावयाच्या घरी राहायला जायचं नव्हतं, हे मला माहीत होतं. तिथं जाऊन करणार काय, हे मी विचारलं नाही. कागदही काढला नाही.

जायच्या दिवशी मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. नगरची गाडी, कड्याला उतरायचं. तीन गोण्या, एक पेटी, एक पंखा. सामान चढवलं. चाची आत बसली, तिच्या शेजारी खिडकीला चाचा. मी म्हणालो, इथं रसवंतीपाशी थांबतो, गाडी हलेपर्यंत. तेवढ्यात चाचीनं पाणी राहिल्याचं सांगितलं. मी पलीकडच्या हॉटेलातून दोन बाटल्या घेतल्या आणि वळलो तर गाडी निघाली होती. मी तिच्या दुसऱ्या बाजूला होतो. खिडक्यांमधून आरपार दिसत होतं. चाचांनी हात बाहेर काढला होता आणि ते रसवंतीकडं बघून हलवत होते. तिथं एक अनोळखी माणूस ग्लास घेऊन उभा होता. त्यानं आधी मागं वळून पाहिलं, मग कुणीतरी आपल्यालाच हात करतंय असं समजून आपलाही हात वर केला.

संध्याकाळी चाचांचा फोन आला. पोचलो, सामान नीट उतरलं, नातू झोपलाय, असं सांगितलं. मग म्हणाले, "तुमी हात केला ना भाऊ, रसवंतीपाशी? मला दिसला. चाची म्हनती, तिथं तुमी नव्हतेच. मी म्हनलं, अजून एवढं दिसतंय मला."

पाण्याच्या दोन्ही बाटल्या गल्ल्यावर माझ्यासमोरच होत्या.

मी म्हणालो, "हो, केला होता."

"बघ," ते फोन बाजूला धरून चाचीला म्हणाले.