नीर कमी, ऊब जास्ती

ओला कागद टेबलावर पसरायचा आणि त्यावर उजव्या हाताचं मधलं बोट दाबायचं. बोटाभोवती पाण्याचं कडं उमटलं तर कागद परत पिळायचा. नुसताच ओलसर लागला तर त्यावर भोपळ्याच्या बिया मांडायच्या. बोम्मसंद्र्याच्या आमच्या बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये अक्कांनी हे तीस वर्षं केलं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही त्या हेच करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नीर कमी, ऊब जास्ती. भोपळ्याला एवढंच कळतं."

मला वाटलं, बाई कविता करत असणार. नीर हा शब्द मी शाळेच्या पुस्तकाबाहेर ऐकला नव्हता. मग कळलं, त्यांच्या मराठीत कन्नड असं सहज मिसळलेलं होतं. त्यांच्या घरी नळाला नीरच यायचं आणि चहा 'स्वल्प' गोड असायचा.

"आमचे लोक तीनचारशे वर्षांमागे घोड्यावरनं इकडे आले," त्या सांगायच्या. "परत जायचं विसरले. घोडी कुठं गेली, देवाला ठाऊक."

मी जालन्याची. नवऱ्याची नोकरी बेळ्ळंदूरला, म्हणून घर तिथे, आणि माझी नोकरी बोम्मसंद्र्याला. दोन बस बदलून लॅबमध्ये पोचेपर्यंत अर्धा दिवस संपल्यासारखा वाटायचा. अक्का त्याहून लांब, चामराजपेटहून यायच्या. पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं सगळं उरकून, शेजारणीला किल्ली देऊन निघायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती दमलो म्हणत नाहीत. फक्त खुर्चीत बसताना आधी टेबलाची कड धरतात.

आमचं काम तसं साधं. शेतांवरून बियाण्याचे लॉट यायचे. प्रत्येक लॉटमधल्या चारशे बिया मोजून घ्यायच्या, ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत ठेवायच्या, गुंडाळ्या उबदार कपाटात उभ्या करायच्या. चौथ्या दिवशी आणि आठव्या दिवशी किती रुजल्या ते मोजायचं. पुरेशा रुजल्या तर लॉट पास, नाहीतर सगळं बियाणं रद्द.

रद्द हा शब्द अक्का सहज लिहायच्या नाहीत. राणेबेन्नूरकडच्या शेतांवर त्या एकदा जाऊन आल्या होत्या. "तिकडं बायका उजाडताना शेतात असतात," त्या सांगायच्या. "नराचं फूल मोडून मादीच्या फुलाला लावायचं, मग ते फूल दोऱ्यानं बांधायचं. एकेका भोपळ्यामागं एक बाई वाकलेली असते. आपण इथं पंख्याखाली बसून रद्द लिहितो."

मला नोकरीला लागून चार महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. डिसेंबर होता. अक्कांच्या नवऱ्याला ताप आला म्हणून त्या रजेवर होत्या. शनिवारी लाल भोपळ्याचा एक मोठा लॉट माझ्या एकटीच्या हाती आला. आठवडाभर मला धड झोप नव्हती. बस चुकू नये म्हणून घाई होती, आणि रविवारी लॅब बंद. कागद सुकले तर काय, असं वाटून मी गुंडाळ्या चांगल्या पाण्यात बुडवल्या आणि तशाच कपाटात ठेवल्या. बोट दाबून पाहायचं राहिलं. खरं सांगायचं तर राहिलं नाही, कंटाळा केला.

चौथ्या दिवशी उघडलं तर बिया फुगलेल्या, बुळबुळीत, आंबूस वासाच्या. शंभरातल्या एखाददुसरीलाच मोड आलेला. आठव्या दिवशीही फार फरक नव्हता. मी आकडे भरले, लॉट नापास लिहिला आणि कागद साहेबांकडे पाठवून दिला.

सोमवारी अक्का कामावर आल्या. टाकायला ठेवलेल्या गुंडाळ्यांपैकी एक उचलून त्यांनी उलगडली आणि बोट दाबलं. पाणी बोटावर चढलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ह्या बियांचा श्वास कोंडला," त्या म्हणाल्या. "बी वाईट नव्हतं."

मी रडायच्या बेतात होते. त्यांनी माझ्या हातात फडकं दिलं, टेबल पुसायला सांगितलं आणि मला घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"त्या भोपळ्याची चाचणी चुकली. परत करायची आहे," अक्का म्हणाल्या.

साहेब वैतागले. गोदामाला निरोप गेला होता. "चुकली म्हणजे? कुणी केली होती?"

मी तोंड उघडलं. अक्कांची चप्पल माझ्या पायावर आली.

"लॅब माझी आहे," त्या म्हणाल्या. "नीर जास्ती झालं. माझ्याकडनंच झालं. रजेवर जाताना कागद मीच भिजवून गेले होते."

साहेबांनी लेखी मागितलं. अक्कांनी तिथेच उभ्याउभ्या चार ओळी लिहिल्या आणि सही केली. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "अक्का, असं का केलंत?"

"तू प्रोबेशनवर आहेस. उद्याच घरी पाठवतील. मला काय करतात? सरी, असू दे, चल, वाळू धुवायला घे."

ह्या वेळी आम्ही कागद घेतलाच नाही. वाळू धुतली, तापवून निववली, मुठीत दाबून पाहिली. गोळा व्हावा पण पाणी सुटू नये, इतपतच ओली केली. बिया आडव्या निजवल्या आणि वर बोटाच्या पेराइतकी वाळू घातली. कपाटाचा हीटर थंडीत कुरकुरत होता. अक्का तासातासाला काटा बघायच्या.

चौथ्या दिवशी वाळू जशीच्या तशी. मला राहवेना. मी काडीनं एका कोपऱ्यात उकरायला लागले.

"उकरू नको," अक्का मागून म्हणाल्या. "कोंब मान वाकवून वर येतो. आपण मधेच गाठलं तर मान मोडते."

सहाव्या दिवशी वाळूला भेगा पडल्या. सातव्या दिवशी फिकट हिरव्या कमानी वर आल्या, काहींच्या डोक्यावर टरफलाची टोपी तशीच. आठव्या दिवशी आम्ही दोघी मोजायला बसलो. एक रोप कडेला वेडंवाकडं उभं होतं. मी ते चांगल्यांत धरलं. अक्कांनी ते उचलून बाजूला ठेवलं.

"अक्का, एकानं काय होतंय?"

"काही होत नाही. पण ते चांगलं नाही."

त्याला सोडूनही लॉट पास झाला. अक्कांनी आकडा लिहिला, खाली सही केली आणि टेबलाची कड धरून बसल्या. तो दिवस मला सुटका झाल्यासारखा आठवतो. मी सुटले होते. त्यांचं काय झालं ते तेव्हा कळलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांना अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली. आमच्याकडे चांगल्या माणसाला दोन वर्षं वाढवून देतात. अक्का ते धरूनच चालल्या होत्या, कारण नवऱ्याच्या औषधपाण्याचा विमा नोकरीबरोबरच होता. त्यांना ती मिळाली नाहीत. निरोपाला शाल, नारळ आणि घड्याळ देण्यात आलं. ऑफिसातल्या बाईंनी मला नंतर सांगितलं, "फाइलमध्ये एक कागद निघाला ना. भोपळ्याचा."

चार दिवस मी तो कागद डोक्यात घेऊन दोन बस बदलत राहिले. मग साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. ओरडले नाहीत. "वरून झालेला निर्णय आहे, आता फिरत नाही," म्हणाले. "वर्षभर काय करत होतीस?"

मी केबिनचं दार ओढून बाहेर आले.

त्या रविवारी दुपारी मी चामराजपेटला गेले. दोन खोल्यांचं घर, दारातून आत आलं की लगेच खाट. खाटेवर अक्कांचे यजमान, उशांना टेकवून बसवलेले. अक्का त्यांना चमच्यानं पातळ गंजी, म्हणजे तांदळाची पेज, भरवत होत्या. मला पाहून त्यांनी पायानंच स्टूल पुढे सरकवलं.

"साहेबांचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "कशाला सांगितलंस?"

"खरं होतं म्हणून."

"खरं तेव्हाही होतं."

त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. मी म्हणाले, "अक्का, चुकलं माझं."

त्यांनी यजमानांच्या हनुवटीवरचा ओघळ पदरानं टिपला. "त्या दिवशी केबिनमध्ये मीच तुझ्या पायावर पाय ठेवला होता. पुढचं तुझं. अर्धं अर्धं घेऊ." मग वाटीत चमचा फिरवत म्हणाल्या, "विम्याचं मुलगी बघतेय. होईल काहीतरी. तू आता लॅब नीट सांभाळ. आणि त्या हीटरचं—"

वाक्य तिथेच थांबलं. मला वाटलं, आठवतायत. पाहिलं तर भिंतीला टेकलेलं डोकं कलंडलं होतं आणि डोळे मिटले होते. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात अर्धा भरलेला चमचा. यजमान माझ्याकडे बघत होते. त्यांना बोलता येत नव्हतं. चांगला हात त्यांनी हळूच वर उचलला, आवाज करू नको म्हणून.

मी स्टुलावरून उठले आणि अक्कांच्या बोटांतून वाटी अलगद सोडवून घेतली. गंजी अजून कोमट होती. खाटेच्या कडेला बसून मी चमचा पुढे केला, आणि यजमानांनी तोंड उघडलं.