डोंगर दाखवणारी सत्यभामाबाई

मलकापूरहून बुलढाण्याला जाणारी एस.टी. मोताळा सोडून राजूरच्या घाटाला लागते. घाटाच्या जरा अलीकडे एक फाटा आहे. तिथे उतरून दोनेक मैल पायी चाललं की कुंडखेड लागतं. पन्नास-साठ घरांचं गाव, त्यांतली निम्मी माळ्यांची. पाठीशी डोंगर, डोंगरावर सरकारचं राखीव जंगल, आणि जंगलात एक डोह. पावसाळा सरल्यावरही दिवाळीपर्यंत, साल बरं असलं तर संक्रांतीपर्यंत, त्या डोहात वरून पाण्याची धार पडत असते.

१९६६ च्या नोव्हेंबरात आमच्या मलकापूरच्या शाळेची सातवीची सहल तिथे गेली. आम्ही छत्तीस मुलं आणि नीळकंठ डबीर मास्तर. मास्तरांनी डोहाबद्दल कुणाकडून तरी ऐकलं होतं, पाहिला मात्र नव्हता. जेवणाचे डबे आम्ही एका धावड्याच्या झाडाखाली ओळीने मांडले आणि पाण्यात पाय सोडून बसलो. तासाभराने परत येतो तर डबे उघडे आणि झाडावर वानरांची पंगत. एक म्हातारं वानर मास्तरांची दशमी दोन्ही हातांत धरून सावकाश खात होतं. मास्तरांनी त्याला काठी दाखवली. त्याने मास्तरांना दात दाखवले.

रडत, नाक ओढत आमची रांग डोंगर उतरली. पायथ्याशी वांग्याच्या वाफ्यात एक बाई निंदत होती. चाळिशीची, काटक, पदर कमरेला खोचलेला. ती उठून उभी राहिली.

"काऊन रडून राह्यले हे लेकरं?"

"वानरांनी डबे नेले," मास्तर म्हणाले.

"आन् तुमी कोठी होते?"

बाईने आमची रांग बोटाने मोजली, खुरपं बांधावर ठेवलं आणि वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या नवऱ्याला हाक मारली, "अहो, चार घरचं पीठ मांगून आना. छत्तीस तोंडं हायेत. मास्तर धरून सदतीस."

ही सत्यभामाबाई. नवरा मोतीराम, मवाळ माणूस, बायकोने सांगितलेलं काम हसत करणारा. त्या दिवशी आम्ही चिंचेखाली बसून ज्वारीची भाकर आणि पिठलं खाल्लं. पिठलं खारट होतं. भूक अशी होती की ते खारट होतं हे मला घरी गेल्यावर आठवलं.

जेवणं झाल्यावर तिने विचारलं, "वर काय काय पाह्यलं?"

"पाणी," आम्ही म्हणालो.

"पाणी तं तुमच्या नळालेबी येते. त्याच्यासाठी मलकापूरहून आले?"

ती आम्हाला परत वर घेऊन गेली. ज्या वाटेने आम्ही सकाळी गेलो-आलो होतो, त्याच वाटेवर तिने अस्वलाने उकरलेलं वारूळ दाखवलं, नखांच्या चार-चार ओळी अजून ओल्या होत्या. मोर धुळीत लोळतात ती बशीसारखी खोलगट जागा दाखवली. साळिंदराचा काळा-पांढरा काटा उचलून एका मुलीच्या हातात दिला. रोही, म्हणजे नीलगाई, रोज एकाच जागी लेंड्या टाकतात, त्याचा ढीग पाहून आम्ही हसलो, तेव्हा तीही हसली. "जनावराले जागा ठरवून बसता येते," ती म्हणाली, "आन् तुमी तं वाटंवरच बसले सकाळी. म्या पाह्यलं खालून."

पुढच्या वर्षी डबीर मास्तरांनी तिला पोस्टकार्ड टाकलं, की याही वर्षी मुलं आणावीत असा विचार आहे, जेवणाचं काय ते आम्ही देऊ. तिला वाचता येत नव्हतं. पोस्टमनने वाचून दाखवलं आणि तिथेच बसून उत्तरही लिहिलं. उत्तरात चार शब्द होते: "या. डबे आणू नका."

अशी सुरुवात झाली. मास्तरांनी दुसऱ्या शाळेच्या मास्तरांना सांगितलं. मग बुलढाण्याच्या कचेऱ्यांतले कारकून रविवारी बायकामुलांना घेऊन येऊ लागले. सत्यभामाबाईने गल्लीतल्या पाच-सहा बायका जोडून घेतल्या. दोघी वर न्यायच्या, बाकीच्या खाली स्वयंपाक करायच्या. पळसाच्या पानांच्या पत्रावळी लागायच्या, त्या म्हाताऱ्या लावून द्यायच्या. होळीनंतर मात्र ती कुणाला वर नेत नसे. उन्हाळ्यात सगळ्या डोंगराला तेवढंच पाणी, म्हणून तेव्हा डोह जनावरांचा.

या सगळ्यात एकच माणूस तिच्या विरुद्ध होतं, आणि ते तिच्या घरातलं. तिची मोठी जाऊ मंजुळाबाई. मंजुळाबाईचा नवरा वारला होता, तुकडाभर कोरडवाहू होतं, आणि ती रोज पहाटे डोंगरात जाऊन लाकडाची मोळी आणून मोताळ्याच्या बाजारात विकायची. तिच्यासोबत गावातल्या आणखी आठ-दहा बायका जायच्या. नाकेदार गुलाबराव, म्हणजे त्या जंगलाचा राखणदार, त्यांच्या कुऱ्हाडी जप्त करायचा. मंजुळाबाई नवी कुऱ्हाड आणायची. कित्येक वर्षं हे चाललं होतं आणि त्यात दोघांनाही फारसं वावगं वाटत नव्हतं.

सत्यभामाबाईला मात्र दिसत होतं. डोहाच्या वरचा उतार दर वर्षी जरा जास्त उघडा पडत होता. धार पूर्वी संक्रांत गाठायची, आता दिवाळीनंतर पंधरा दिवसांत बारीक व्हायची.

एके दिवशी ती जावेला म्हणाली, "बाई, डोहाच्या वरतं तोडू नका. दुसरीकडं तोडा."

"डोंगर काय तुह्या बापानं आंदन देला?" मंजुळाबाईने मोळी न उतरवताच विचारलं. "तुह्ये पाहुणे झाडं पाह्यले येतात. झाडं पाहून त्यायचं पोट भरत असन. माह्यं नाई भरत."

सत्यभामाबाई मला नंतर म्हणाली, की त्या दिवशी तिला जावेचा राग आला नाही, स्वतःचा आला. जाऊ खरं बोलली होती. दोघी एकाच आडावर पाणी भरायच्या, पण पुढचं दीड वर्ष बोलल्या नाहीत.

१९७० साली, होळीला चार दिवस होते तेव्हाची गोष्ट. कुठल्याशा गावची मंडळी दोन जीपगाड्या घेऊन आली. कुणाला न विचारता वर गेली, डोहाजवळ तीन दगडांची चूल मांडली, मटण शिजवलं आणि निखारे तसेच ठेवून निघून गेली. दुपारी वारा सुटला. वाळलेलं गवत गुडघाभर उंच होतं.

आग पहिल्यांदा पाहिली ती मंजुळाबाईने, कारण ती तिथेच लाकूड तोडत होती. तिने कुऱ्हाड आणि मोळी टाकली आणि ओरडत खाली धावत सुटली. अख्खं गाव वर गेलं. बाया, माणसं, शाळेतली पोरं, मोतीराम, नाकेदार गुलाबराव, सगळेच. पळसाच्या ओल्या फांद्या तोडून जाळावर झोडपायला लागले. पण जाळ दोन्ही अंगांनी पसरत होता, आणि त्याला कुठे अडवायचं हे कुणाला कळत नव्हतं.

ते कळत होतं मंजुळाबाईला. वीस वर्षं त्या उतारावर ती पायवाटा तुडवत आली होती. ती म्हणाली, "इथं झोडपून काई व्हत नाई. वरच्या खडकापासून नाल्यापर्यंत गवत कापा. तिथं अरुंद हाये." तिच्या सोबतच्या मोळीवाल्या बायका विळे घेऊन तिच्यामागे गेल्या. त्यांनी दोन माणसं आडवी निजतील एवढ्या रुंदीची पट्टी गवत कापून मोकळी केली. जाळ तिथवर आला आणि खायला काही न मिळाल्याने बसला. दिवस मावळायच्या आत धूर तेवढा उरला.

गवत कापताना मंजुळाबाईजवळून एक अस्वल गेलं. पाठीवर पिल्लू, केसांना घट्ट धरून बसलेलं. अस्वलाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ नाल्यात उतरलं. ही हकीकत तिने पुढे हजारदा सांगितली. आधी अस्वल वीस हातांवरून गेलं होतं, मग दहा हातांवरून. मी शेवटची ऐकली तेव्हा ते तिच्या लुगड्याला घासून गेलं होतं.

आठ दिवसांत बुलढाण्याहून हुकूम आला. बाहेरच्या माणसांना जंगल बंद. गुलाबराव हुकूम घेऊन सत्यभामाबाईच्या दारात आला तेव्हा त्याची मान खाली होती.

"बाई, माह्या हातात काई नाई."

"कोणाच्या हातात हाये?"

"रेंजर साहेबाच्या."

दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाई अकरा बायका घेऊन एस.टी.त बसली. त्या अकरांत मंजुळाबाई होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती फाट्यावर आधीच येऊन उभी होती आणि सत्यभामाबाईला एवढंच म्हणाली, "सरक तिकडं, मले खिडकी पाह्यजे."

रेंजर साहेब तरुण होते, नव्यानेच बदलून आलेले. त्यांनी बायकांना बसायला सांगितलं. बाकडं एकच होतं, म्हणून सगळ्या उभ्याच राहिल्या. गुलाबरावही दाराशी उभा होता.

"हे राखीव जंगल आहे," साहेब म्हणाले. "माणसं आत गेली की आग लागते. आत्ता लागलीच ना?"

"लागली. आन् इझवली कोनं?" सत्यभामाबाईने विचारलं.

"गावाने. त्याबद्दल मी वर कळवलं आहे."

"साहेब, तुमचा तिथं एक नाकेदार. चांगला मानूस हाये, पन एकच हाये. आमी दोनशे हाओत. ते जीपवाले आमाले न इचारता गेले म्हनून आग लागली. आमच्यासंगं चार वर्षं लेकरं येऊन राह्यले, एक काडी नाई जळाली. तुमी वाट बंद केली तं जीपवाला दुसऱ्या वाटनं येईन. पाह्यले कोनी नसन."

साहेबांनी गुलाबरावाकडे पाहिलं. गुलाबराव म्हणाला, "बाई खरं बोलून राह्यल्या, साहेब."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "आणि लाकूड? या बायकांतल्या किती जणी लाकूड तोडतात, मला माहीत नाही असं वाटतं का?"

मंजुळाबाई पुढे आली. "म्या तोडतो. सगळ्यात जास्त म्याच तोडतो. बंद करतो, पन मले दुसरं काम सांगा."

सत्यभामाबाई म्हणाली, "काम म्या सांगतो. बाई, तुमी रोडगे करा. माह्यं पिठलं खाऊन पाहुणे दुसऱ्यांदा येतात ते डोंगरासाठी येतात, पिठल्यासाठी नाई."

मंजुळाबाई म्हणाली, "ते तं मले ठाऊकच हाये," आणि सगळ्या बायका हसल्या. साहेबही हसले.

एका मोसमापुरती परवानगी मिळाली. कागदावर लिहिलेलं थोडक्यात असं: येणाऱ्यांची नावं नाकेदाराकडे लिहायची, एका वेळी चाळीसच माणसं, गावची एक बाई सोबत असल्याशिवाय कुणी वर जायचं नाही, वर चूल पेटवायची नाही. डोहाच्या वरच्या उतारावर गुरं आणि कुऱ्हाड दोन्ही बंद, गवत कापून न्यायला मोकळीक. पुढे दर वर्षी तो कागद नवा होत गेला.

रोडगे म्हणजे जाड्याभरड्या गव्हाच्या कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेले. त्याला लाकूड लागतच नाही. मंजुळाबाई चिंचेखाली गोवऱ्यांची भट्टी लावायची. आरातून काढलेला रोडगा फडक्यात घेऊन झटकायची, फोडून त्यात तेल ओतायची, आणि शेजारी सत्यभामाबाईच्या मळ्यातल्या वांग्यांची झणझणीत भाजी. मोळीवाल्या बायका तिच्या हाताखाली आल्या. पाहुण्यांनी सकाळी डोंगर पाहिला की दुपारी इथे बसायचं, आणि जेवता जेवता अस्वलाची हकीकत ऐकायची.

एक साल फार वाईट गेलं, बहात्तरचं. डोह आटला, धान्य नव्हतं, पाहुणे कुठून येणार? त्या वर्षी सत्यभामाबाईने गावातल्याच पोरांना वर नेलं. त्यांतल्या कित्येकांनी मोराची लोळण पाहिलीच नव्हती, कारण ती आपलीच, केव्हाही पाहता येईल. आटलेल्या डोहातला गाळ त्या पोरांनी आणि आईबापांनी पाट्यांनी बाहेर काढला. पुढच्या पावसाळ्यात डोह भरला आणि धार परत संक्रांतीपर्यंत टिकली. उतारावर धावड्याची, सालईची रोपं कमरेएवढी झाली होती.

मी तोवर शिक्षिका झाले होते. १९७६ साली माझ्या वर्गाची सहल घेऊन गेले, तर सत्यभामाबाई चिंचेखाली बसली होती आणि फारच खुशीत दिसत होती. मी नाव सांगितलं, सुलभा, सहासष्टची. ती म्हणाली, "रडनाऱ्यायपैकी ना?" मग तिने आदल्याच आठवड्यातली गोष्ट सांगितली.

रेंजर साहेबांनी तिला सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव-जामोदकडच्या एका गावी पाठवलं होतं. तिथल्या लोकांनाही आपला डोंगर राखून पाहुणे आणायचे होते. तिने चार वाक्यांत काय ते सांगितलं आणि बसली. पण बायका उठू देईनात. पहिल्यांदा कोण आलं, भांडणं झाली का, नवरा काय म्हणाला, सगळं विचारलं. बोलता बोलता परतीची एस.टी. गेली. तिला सोजराबाई नावाच्या बाईने घरी ठेवून घेतलं आणि सकाळी गावातल्या पोरांसोबत आपला डोंगर दाखवायला नेलं.

"आयुष्यात पह्यल्यांदा मी पाहुनी होतो," सत्यभामाबाई सांगत होती. "ती सोजराबाई पुढं, मी मांगं. ती चालते का पळते तेच समजत नव्हतं. अर्ध्या वाटंत म्या इचारलं, किती राह्यलं व? तं म्हने, हे काय, आलंच. तसं तिनं पाच वेळा म्हनलं. मंग मले एक मोठ्ठं घुबड दिसलं. आमच्याकडं नाई तसलं. म्या जोरानं म्हनलं, ते पाहा. उडून गेलं. तिनं माह्याकडं असं पाह्यलं..."

ती हसून हसून पुढे बोलू शकेना. पलीकडून मंजुळाबाई म्हणाली, "मंग? काय म्हनली ती तुले?"

"काई नाई म्हनली. पन परत येतानी मले सगळ्या लेकरायच्या मंधात चालवलं."

मग ती डोळे पुसत उठली, लुगड्याला लागलेली माती झटकली आणि माझ्या मुलांना म्हणाली, "चला. दोघं-दोघं. आन् कोनाले किती राह्यलं असं इचारायचं असन तं इचारा, मी खरं सांगीन."