आठ फुटांवरून

दिवाळीची सुट्टी लागली त्या सकाळी जऊळक्याच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहणारा मी एकटाच होतो.

"मास्तर, थैली रिकामीच दिसून राह्यली. घरच्यायले काई नाही नेत?" पॉइंट्समननं विचारलं.

"वाशीमले घेईन," मी म्हणालो. काय घेणार ते सांगितलं नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचे ते दिवस. मी जऊळक्याच्या शाळेत मास्तर, आणि बायको रिठदला माझ्या आईवडिलांजवळ. आईला खाटेवरून उठता येत नव्हतं, त्यामुळे बायकोला इकडे आणायचा विषयच काढता येत नसे. वर्षातून दोन-तीनदा भेट व्हायची. भेट म्हणजे तरी काय, दिवसभर ती कपाळाखाली पदर ओढून घरात वावरणार आणि मी ओसरीवर बसणार. परत आल्यावर पंधरा दिवस तिचा चेहरा डोळ्यांसमोर असे. मग नाक आठवे, तर डोळे आठवत नसत. महिना लोटला की काहीच जुळेना. लग्नाच्या बायकोचा चेहरा विसरणारा नवरा जगात मीच एक असेन, असं वाटे. पत्र लिहावं, तर ते वडील घरात मोठ्यानं वाचणार. त्यात शेवटी 'घरच्या सर्वांस' लिहायचं, आणि त्या सर्वांत ती. म्हणून शिकवण्या करून मी पैसे साठवले होते. मला कॅमेरा घ्यायचा होता. उजेडातला तिचा चेहरा मला जऊळक्याच्या खोलीत हवा होता.

गाडी निघाली. रुळाच्या दोन्ही अंगांना तूर फुलावर आली होती आणि कापूस फुटून वावरं पांढरी झाली होती. समोरच्या बाकावरच्या म्हातारीनं मला मूठभर फुटाणे दिले. ते संपायच्या आत वाशीम आलं.

करीमभाई फोटोवाल्याचं दुकान बाजारामागच्या बोळात होतं. दाढी पिकलेला, सावकाश बोलणारा माणूस. फोटो धुऊन धुऊन त्याच्या बोटांची टोकं औषधानं काळी पडली होती. त्यानं टेबलावर दोन कॅमेरे मांडले. एक भात्यासारखा उघडणारा, दुसरा साधी काळी पेटी.

"काय काढाचं हाय?" त्यानं विचारलं.

मी चार महिने जाहिराती वाचल्या होत्या. रीळ कसं भरतात, ऊन कुठे ठेवतात, सगळं पाठ होतं. या प्रश्नाची तयारी तेवढी नव्हती. परक्या माणसापुढे बायकोचा विषय काढायला जीभ रेटेना.

"देऊळ," मी म्हणालो. "आमच्या रिठदचं. अन् म्हैस, बैल, असंच."

"मंग ही पेटी बेस हाय. भात्याच्या कॅमेऱ्याले अंतर लावा लागते, नव्या माणसाले जमत नाही. ह्याले काईच लावा लागत नाही. आठ फुटापासून पुढचं सारं साफ येते. ऊन पाठीशी ठेवजा, पेटी पोटाशी धरजा, अन् दम रोखून खटका दाबजा." मग त्यानं खणातून पत्र्याच्या कड्यात बसवलेलं एक लहानसं भिंग काढलं. "हे वरतून बसते. कोनाचा चेहरा काढाचा असन, तं हे लावून साडेतीन फुटावरून काढता येते. घ्याचं का?"

भिंग माझ्या तळहातावर आलं. हेच तर हवं होतं. पण देवळाचा फोटो काढणाऱ्याला चेहऱ्याचं भिंग कशाला, असं त्यानं विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

"देवळाले कायले लागते ते?" मीच म्हणालो.

करीमभाईनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि भिंग परत खणात ठेवलं.

रिठदला जायला सखारामची दमणी (बैलांची हलकी गाडी) मिळाली. धोतरात गुंडाळलेली पेटी मी मांडीवर घेऊन बसलो होतो. एका नाल्यात चाक रुतलं, दमणी कलंडली आणि मी चिखलात पडलो. दोन्ही हात वर, हातात पेटी. गुडघा चांगलाच सोलवटला.

"त्याच्यात देव हाय का मास्तर?" सखाराम म्हणाला. "सोताले आपटलं, पर त्याले काई लागू देल्लं नाही."

रिठदला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी फोटोंचा सपाटा सुरू झाला. आधी देऊळ, मग फेटा बांधून वडील, मग बैलजोडी, चुलते, म्हैस. 'सुनेचा काढ' असं कोणी म्हणालं नाही आणि मीही म्हणालो नाही. मी आपला पेटी अशी वळवून धरी की कोपऱ्यात ती यावी. पेटीवरच्या काचेच्या खिडकीत ती तिळाएवढी दिसे, कधी विहिरीपाशी, कधी गोठ्याच्या दारात.

म्हशीच्या वेळी ती पाण्याची घागर घेऊन शेजारून गेली. "मले काढून राह्यले का म्हशीले?" तिनं हळूच विचारलं.

आई खाटेवरून पाहत होती. "म्हशीले," मी म्हणालो.

ती घागर सावरत पुढे गेली. पदराआड हसली की रुसली, ते कळलं नाही. त्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

निघायच्या दिवशी रिळात एकच फोटो उरला होता. वडील अंगणापलीकडे दमणीजवळ सखारामशी बोलत होते, मी भिंतीच्या आडोशाला पेटी घेऊन उभा होतो. ती रोडग्यांची (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची) शिदोरी घेऊन आली आणि अगदी दोन हातांवर उभी राहिली.

"त्याच्यात काई राह्यलं का अजून?"

"एक."

तिनं शिदोरी खाली ठेवली, हातानं पदर केसांपर्यंत मागे सारला आणि सरळ पेटीकडे पाहिलं. आठ फूट मला आठवले. पण मागे सरकलो असतो तर वडिलांच्या नजरेत आलो असतो आणि पदर पुन्हा खाली आला असता. मी दम रोखून खटका दाबला.

वाशीमला मुक्काम केला. करीमभाईनं रीळ धुऊन वाळवलं आणि सकाळी दाराच्या उजेडात धरलं.

"हे देऊळ. कोपऱ्यात एक बाई. हे फेटेवाले बुवा, मांगं तेच बाई. म्हैस, अन् बाई." तो माझ्याकडे न पाहता बोलत होता. "हा आठवा बिघडला. लय जवळून काढला. छापून फायदा नाही."

"छापा."

"कोन हाय हे?"

"माही बायको हाय," मी म्हणालो. परक्या माणसापुढे हे शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले, आणि काहीच बिघडलं नाही.

करीमभाईनं खण उघडला, ते भिंग काढून माझ्यापुढे ठेवलं. "मंग त्या दिवशी सांगाले काय झालं होतं, बाप्पा?"

जऊळक्याला येईपर्यंत मी फोटो पुन्हा पुन्हा थैलीतून बाहेर काढून पाहत होतो. वडिलांच्या फेट्याचा पीळ न् पीळ दिसत होता, म्हशीची शिंगं स्पष्ट होती. आठव्या फोटोत तिच्या जागी पांढुरका डाग होता. ती समोर पाहते आहे, एवढंच कळत होतं. असं सरळ तिनं माझ्याकडे त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि तेच नेमकं मला आणता आलं नाही.

खोलीवर आलो आणि पत्र लिहायला बसलो. फोटो चांगले आले, देऊळ उत्तम आलं, असं वडिलांना लिहिलं. 'घरच्या सर्वांस' लिहिण्याआधी थांबलो. मग लिहिलं, 'आपल्या सुनेचा फोटो तेवढा नीट आला नाही. चूक माझी आहे. जवळून काढायचं भिंग मी आता घेतलं आहे. शिमग्याला येईन तेव्हा तिला अंगणात उन्हात बसवून पुन्हा काढीन.'

वडील हे वाचताना अडखळतील, आई खाटेवरून काहीतरी पुटपुटेल. पण वडिलांची वाचायची रीत मला माहीत होती. एकदा सुरू केलेलं पत्र ते शेवटापर्यंत मोठ्यानं वाचत, आणि आतल्या चुलीपर्यंत ते ऐकू जाई.