व्याह्यांच्या कानातले खडे

पृथ्वी फिरते हे आपण पुस्तकात वाचतो. उदगीरचे माझे व्याही मात्र ते अंगावर सोसतात. आडतीच्या दुकानात बसल्या जागी त्यांना एकदम गरगरतं. मग खांब, पोतं, नाहीतर समोरचं गिऱ्हाईक, जे हाताला लागेल ते धरून ते म्हणतात, "थांबा जरा, दुकान फिरून राहिलंय." गिऱ्हाईकही आता सवयीनं थांबतं. व्याही वर कधी बघत नाहीत; पंखा चालू आहे का, हे दुसऱ्याला विचारतात. कूस बदलायची तर आधी विहीणबाईंना उठवून कल्पना देतात. महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच असते, गोमुखापासून माघारी फिरायचं, याबद्दल ते देवाचे फार आभारी आहेत. पण वळलं की गरगरतं, म्हणून ते न वळता उलट्या पावलांनीच परततात. एका सोमवारी मागची अख्खी रांग त्यांनी अशीच पाठीनं ढकलत नंदीपर्यंत आणून सोडली.

लातूरच्या डॉक्टरांनी निदान केलं. कानाच्या आत तोल सांभाळणारे बारीक खडे असतात. ते जागा सोडून भलतीकडे गेले, की मान हलताच जग फिरतं. त्यांनी व्याह्यांना आडवं करून डोकं आधी एका कडेला, मग दुसऱ्या कडेला वळवलं. काही दिवस बरे गेले आणि खडे पुन्हा हलले. "जल्म गेला तुरीतले खडे निवडण्यात," व्याही म्हणाले, "आन् सोताच्याच मालात किती निघाले बघा!"

हे सगळं मला फार उशिरा कळलं. नांदेडला माझ्या लेकीचं लग्न होतं, तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. व्याहीभेटीला त्यांनी मला मिठी मारली ती सोडेचनात. आम्ही दोघं डुलत डुलत गेलो आणि रुखवतातल्या साखरेच्या बंगल्यावर जाऊन बसलो. फेट्यावरची साखर झटकत मी व्याह्यांकडे बोट दाखवून म्हणालो, "इवाई सकाळूनच लावून आलेत वाटतं!"

मांडव हसला. ज्या माणसानं कधी सुपारीसुद्धा तोंडात टाकली नाही, त्याच्याबद्दलचं हे बोलणं वऱ्हाडाच्या आधी उदगीरला पोचलं. तिथल्या मठाच्या वार्षिक पंगतीत तूप वाढायचा मान त्यांच्या घराण्याचा. त्या वर्षी त्यांना सांगण्यात आलं, "आप्पा, तुमी बसून जेवा." ते बसून जेवले. दर वर्षी तसेच जेवत राहिले. मला कळलं ते लेकीकडून.

यंदा मी त्या पंगतीला गेलो आणि उभा राहून मोठ्यानं सांगितलं, "यांनी जन्मात थेंब घेतला नाही. हा कानाचा आजार आहे. ते बोलणं माझं होतं आणि खोटं होतं."

एक म्हातारे म्हणाले, "मग इतकी वर्सं कुठं व्हता, पावणं?" मी हात जोडले. तेच पुढं म्हणाले, "आप्पाच्या हातात तूप द्या रे."

व्याह्यांनी तांब्या उचलला आणि मी मागून त्यांची कंबर धरली. वाकलं की गरगरायचं. तूप कुणाच्या भातावर पडलं, कुणाच्या मनगटावर, एकाच्या टोपीवर. पण पंगतीत कुणीही नको म्हणून पानावर हात आडवा धरला नाही.

शेवटच्या पानाशी तांब्या ठेवून त्यांनी मला गच्च धरलं, थेट लग्नातल्यासारखं.

"इवाई, लई फिरून राहिलंय."

"फिरू द्या," मी म्हणालो. माझेही पाय आता पूर्वीचे राहिलेले नाहीत, पण जवळपास रुखवत तरी नव्हतं.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "हाव, थांबलं." तरी मी त्यांना सोडलं नाही.