दुसरी थरथर

आप्पा, म्हणजे माझे वडील, सोलापुरात यंत्रमाग दुरुस्त करणारे जॉबर. चालू मागाच्या चौकटीवर तळहात टेकवायचे आणि नेमका कुठला नट ढिला झालाय ते सांगायचे. कारखान्यात त्या हाताला मान होता. मला त्याची लाज वाटायची. तोच तेलकट हात घेऊन ते माझ्या शाळेत यायचे.

मी गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या यंत्रावर काम करते. लेसरने गारठवलेले अणू सोडायचे आणि एका आरशाच्या आधाराने त्यांचं पडणं मोजायचं. यंत्र चालत्या गाडीत ठेवलं की आरसा हलतो आणि यंत्राला वाटतं, अणूच हलले. म्हणून आरशाच्या बैठकीवर एक सेन्सर बसवतात. त्याने टिपलेली थरथर उत्तरातून वजा करायची, एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात यंत्र टेम्पोत घालून चाचणीसाठी सोलापूरला आणलं. मोडनिंबपर्यंत जाऊन आलो, तर आकडे सगळे भलतेच. टेम्पो आमच्या दारात उभा, इंजिन चालू, आम्ही चौघं घामाने निथळत होतो. आप्पा चहा घेऊन आले आणि सवयीने यंत्राच्या चौकटीवर हात टेकवला.

"हितं दोन थरथरी हायत," ते म्हणाले. "आरशाखालचं कायतरी ढिलं हाय, बग की."

सहकारी हसले. मी त्यांच्याहून मोठ्याने हसले.

"आप्पा, हा टॉवेलचा माग नाही. हात काढा, तेल लागेल."

त्यांनी हात पॅन्टला पुसला आणि आत गेले.

दुपारी, कुणी बघत नाही असं पाहून, मी आरशाखालचा बोल्ट तपासला. ढिला होता. सेन्सर बिचारा बैठकीची थरथर टिपत होता आणि वर आरसा आपला वेगळाच थरथरत होता. बोल्ट आवळला, आकडे जाग्यावर आले. मला शंका होतीच, असं मी सगळ्यांना सांगितलं.

जेवताना आप्पांनी हळूच विचारलं, "ढिलं हुतं का कायतरी?"

"नाही. वायर खराब होती," मी म्हणाले. त्यांच्यापुढे हरायचं नव्हतं, दुसरं काही कारण नाही. ते थोडा वेळ आपल्या तळहाताकडे बघत बसले, मग भाकरी मोडली.

दोन महिन्यांनी आईचा फोन आला. आप्पांनी काम सोडलं होतं. मालक घरी येऊन विनवून गेला, तरी ऐकेनात. मी फोन त्यांच्याकडे द्यायला सांगितला.

"हात गेला माजा," ते म्हणाले. "तुज्या मशिनीवर चुकला न्हवं का? उद्या कुणाचा माग बिघडवीन."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बरं केलंत, आता आराम करा, असं सांगून मी फोन ठेवला.