भागूमावशीची उलटी पावलं

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज माझ्याकडे आली आणि आजच माझा नुसता जळफळाट झालाय.

लोणावळ्याच्या आमच्या इस्पितळात कार्ल्याची भागूमावशी लकव्यानं पडून आहे. चार महिने मी तिच्या पायांना मालिश करतेय, व्यायाम देतेय. कठडा धरून ती उभी राहते, पण पाऊल काही पुढे टाकत नाही.

आज फरशी पुसणाऱ्या सखूनं तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मावशी, आवणी करायची न्हाई व्हय? सरा मागं मागं!"

भाताची रोपं लावताना बायका मागे सरकतात ना, तशी मावशी सरकली. चांगली सात पावलं! वर हसून म्हणते, "लय चिखल झालाय गं!"

माझ्याकडे बघून ती कधी हसली नाही हो. पुण्याला जाऊन एवढं शिकले, मला हे का सुचू नये?

तेवढ्यात डॉक्टर आले. "वा! युक्ती कुणाची?"

"माझी," मी म्हणाले.

सखू पुन्हा फरशी पुसायला बसली.

"उद्या पुन्हा चालवून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

ते गेल्यावर मी मावशीचे हात धरले. तिनं सोडवून घेतले. "सखूला बोलीव," म्हणाली.

आता तिला कुठल्या तोंडानं बोलावू? लिहा वहीत.