वादीने शिवलेला पट्टा

सिंधूअक्काच्या गिरणीत गेलं की आधी आपली झडती व्हायची, मग दळणाची. "पदर खोसा बहिणीस्वन! वेण्या बांधा! गिरणीले डोया नहीत!" असं ओरडल्याशिवाय तिचा हात बटणाकडे जायचा नाही. एखादी नवी सून लाजली की, "लाजस काय वं? आठे कोन तुले दखाले येल शे?" म्हणून स्वतःच तिचा पदर कमरेला घट्ट खोचायची. मी लग्न होऊन पारोळ्याला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने मला मंगळसूत्र पोलक्यात टाकायला लावलं. मला असा राग आला म्हणता!

घरी येऊन फणफणले, तेव्हा सासूबाईंनी सांगितलं. अक्काचा नवरा त्याच गिरणीत गेला होता. मोटारीवरून जात्याकडे जाणारा रुंद पट्टा जिथे जोडतात, तिथे लोखंडी क्लिपा मारलेल्या होत्या. चालत्या पट्ट्यातली एक क्लिप उचकटली, तिने गळ्यातलं उपरणं धरलं आणि माणूस आत ओढला गेला. मोटार बंद करेपर्यंत काही उरलं नव्हतं. पुढच्या दळणाला मी मंगळसूत्र घरूनच पोलक्यात टाकून गेले.

त्यानंतर अक्का स्वतः गिरणीवर उभी राहिली, पण पट्ट्याला पुन्हा लोखंड लागू दिलं नाही. दोन्ही टोकं चामड्याच्या वादीने शिवायची. रोज सकाळी मोटार बंद असताना ती त्या सांध्यावरून तळवा फिरवायची, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. बोलायला फटकळ, मापाला चोख, आणि या एका बाबतीत हट्टी.

तो हट्ट तिला नडला, तो एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. आखाजीला लेकी माहेरी येतात, घरोघरी खापरावर मांडे होतात, आणि मांड्यांचे गहू ओलवून दळावे लागतात. ओले गहू थांबत नाहीत. सण तोंडावर आलेला, गिरणीत डब्यांची रांग लागलेली, आणि पट्टा तुटला. वादी नव्हे, पट्टाच मधून फाटला होता. अक्काचा दीर भिकनभाऊ तसाच एस.टी.ने धुळ्याला पळाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवा पट्टा घेऊन आला. सोबत क्लिपांची पुडी.

"वहिनी, घडीभरनं काम शे," तो हातोडी उचलत म्हणाला. वादी शिवणारा कारागीर लग्नाला अमळनेरला गेलेला. शिवाय वादीने शिवलं, तरी नवा पट्टा ताणून सैल होतो. मग उसवून, कापून पुन्हा शिवायचा. म्हणजे दिवस गेलाच. "आते कोन वादी शिवस?"

"मी शिवस," अक्का म्हणाली.

बायकांचा गलका झाला. "अक्का, गहू आंबी जातीन!" कोणीतरी बाजारपेठेतल्या नव्या गिरणीचं नाव काढलं. भिकनभाऊ रडकुंडीला आला. म्हणाला, आज गेलेलं गिऱ्हाईक परत येणार नाही, गिरणी बसेल. अक्का त्याच्याकडे वळली, आणि मी तिला एकदाच इतकं हळू बोलताना ऐकलं.

"तव्हय बी आखाजीच व्हती, भाऊ. तुमना भाऊ म्हने, वादी शिवाले टाइम लागी. मीच सांगेल व्हतं, मारा क्लिपा, बाया खोटी व्हई ऱ्हायन्यात."

भिकनभाऊने हातोडी खाली ठेवली. तेव्हा तिने घाई केली होती, ती आमच्यासारख्याच बायका खोळंबू नयेत म्हणून. तरी एकेक डबा उचलला गेला. आमचाही गेला, सासूबाईंपुढे बोलायची कोणाची छाती होती! अक्का जमिनीवर बसून आरीने भोकं पाडत राहिली. तिने मान वर करून कोण गेलं तेही पाहिलं नाही. संध्याकाळी पट्टा चढला, मोटार फिरली, दळायला मात्र कोणी नव्हतं.

भिकनभाऊ म्हणाला तसंच झालं. गिऱ्हाईक फिरलं ते फिरलंच. दोन-तीन वर्षं अक्काने कशीबशी रेटली, मग यंत्र भंगारात गेलं आणि ती मजुरीने दुसऱ्यांच्या भुईमुगाच्या शेंगा फोडायला जाऊ लागली. मला तिची चीड यायची. इतकी चांगली चाललेली गिरणी हिने हाताने घालवली, असंच वाटायचं.

शेवटच्या दुखण्यात ती खाटेवर होती, तेव्हा मी भेटायला गेले आणि मनातलं बोलून बसले. "अक्का, बाजारपेठेतल्या त्या गिरणीत पहिल्यापासून क्लिपांचाच पट्टा आहे. आजवर कोणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. उगाच धंदा बुडवलास गं."

वाटलं, आता शिव्या घालील. तिने अंगावरच्या गोधडीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि जोडले.

"बरं व्हयनं माय, कोनले लागनं नही," ती म्हणाली. "मी देवले रोज तेच मांगस."